पूर्वेकडची नळी

ओकुताबा
१२ नोव्हेंबर

तोमोनोरी,

हवापाण्याची प्रस्तावना गाळते आहे. पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल चार ओळी लिहाव्यात हे आईने आपल्या दोघांना शिकवलं, पण त्या ओळी ज्यांच्याशी बोलणं चालू आहे त्यांच्यासाठी असतात. आपण सहा वर्षांत बोललेलो नाही. तेव्हा मुद्द्यावर येते.

गेल्या मंगळवारी तुझ्या विभागातली एक मुलगी माझ्या दारात उभी राहिली. चिगुसा योकोगावा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा प्रबंध तुझ्या हाताखाली चालू आहे, हे तुला आठवत असेल अशी आशा करते. बुटांना घोट्याच्या वर चिखल, पाठीवर पिशवी, हातात हातोडी. मला वाटलं, रस्त्याच्या मोजणीवाल्यांपैकी कोणी आहे.

"कुरेबायाशी सरांचं शेत हेच का?" तिने विचारलं.

"सरांचं नाही. त्यांच्या वडिलांचं होतं, आता माझं आहे. सरांनी ते फक्त खणलं."

ती हसली नाही. लगेच वही काढून विचारलं, "मग बाई, या शेताच्या निचऱ्याची नळी कुठून जायची?"

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गावात सगळे मला बाईच म्हणतात. तिने ते बस थांब्यावरच ऐकलं असावं. मी तिला बांधावर नेलं. बाबांनी पुरलेली ती तपकिरी, झिलईची खापराची नळी अजून तिथेच आहे. पूर्वेच्या बांधाखालून जाते आणि देवळाजवळच्या ओढ्यात उघडते. पाणी पूर्वेकडेच जाणार, कारण पश्चिमेला डोंगर आहे. हे ओकुताबातल्या बदकांनाही माहीत आहे.

ती नळीच्या तोंडासमोर उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, "बाई, विभागाच्या दालनात ही नळी पश्चिमेला आहे."

आता तू मला शिकवायच्या आधी मीच तुला सांगते, कारण सातवीच्या वर्गाला हे मी कितीदा तरी सांगितलं आहे. भात कापून झाल्यावर तू बाबांच्या शेतात पूर्व-पश्चिम चर खणलास. चराच्या उत्तरेकडच्या भिंतीत तो भ्रंश दिसला: जमिनीला गेलेली तिरकी चीर, आणि तिच्यावरून पश्चिमेची, डोंगराकडची माती पूर्वेच्या मातीवर चढलेली. तुझं नाव त्यावरच झालं. मग त्या भिंतीवर आपण चिकट रस फासला, त्यावर कापड डकवलं, आणि सुकल्यावर ते ओढलं तशी भिंतीची बोटभर माती कापडासकट निघून आली. रस मी ढवळत होते. माझ्या मनगटाला त्याचा डाग महिनाभर होता. मातीचं असं सोलपट आरशासारखं उलटं असतं. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की जे डावीकडे होतं, ते सोलपटात उजवीकडे येतं. पश्चिम डावीकडे होती, म्हणून सोलपटात ती उजवीकडे हवी.

चिगुसा म्हणते, तुमच्या नव्या इमारतीत ते सोलपट फळीवर चढवलंय आणि त्याच्या डाव्या हाताला "पश्चिम" अशी पितळी पाटी आहे. आणि बाबांच्या नळीचं गोल तोंड बरोबर त्या पाटीखाली येतं.

हे खरं आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

तिला चहा आणि मुळ्याचं लोणचं दिलं आणि शेवटच्या बससाठी थांब्यावर पाठवलं.

घाईत,
ताई


३ डिसेंबर

तोमोनोरी,

प्रस्तावना गाळते आहे.

मी हो किंवा नाही मागितलं होतं. तू पाठवलंस एक कार्ड, त्यावर सहा ओळी, त्यातल्या दोन माझ्या गुडघेदुखीची चौकशी करणाऱ्या. माझे गुडघे उत्तम आहेत. उरलेल्या ओळींचा अर्थ मी असा लावते: मुलगी हुशार आहे पण उतावीळ आहे, मार्चमध्ये तू निवृत्त होणार, तुझं निरोपाचं व्याख्यान त्याच दालनात आहे, त्यानंतर "सवडीने आणि गाजावाजा न करता" दुरुस्ती करता येईल, तोपर्यंत मुलीने विषय बदलून त्याच चरातल्या वाळूच्या कणांवर लिहावं, मी तिला तसं समजवावं.

म्हणजे उत्तर हो आहे.

तिच्याकडून बाकीचं कळलं, आणि ती ते तक्रार म्हणून सांगत नव्हती, याचा मला जास्त राग आला. पाट्या लावणाऱ्या कंत्राटदाराने जुन्या रेखाटनावरून डावीकडे "पश्चिम" लावलं. तिथवर ठीक आहे, तो बिचारा दुकानांचे फलक लावणारा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याच्याच लक्षात आलं की सोलपटातली चीर एकीकडे झुकते आणि शेजारच्या रेखाटनातली दुसरीकडे. त्याने तुला फोन केला. आणि तू, तोमोनोरी, ज्याने तो चर स्वतःच्या हाताने खणला, तू त्याला सांगितलंस: "पाट्या पितळी आहेत, निघायच्या नाहीत. चित्र फिरवा, सोपं पडेल."

चित्र फिरवा, सोपं पडेल! कार्यालयातल्या बाईंनी हे स्वतः ऐकलं आणि विभागात अजून गंमत म्हणून सांगतात.

ते फिरवलेलं चित्र माहितीपत्रकात गेलं. माहितीपत्रकावरून ते तुझ्या लाडक्या मिनोशिमाने घेतलं. त्याला दिसलं की ओकुताबात पूर्वेची जमीन पश्चिमेवर चढते, म्हणजे डोंगर वर येण्याऐवजी बुडतो आहे. साध्या माणसाने म्हटलं असतं, काहीतरी चुकलंय. मिनोशिमाने म्हटलं, काहीतरी नवीन सापडलंय. "डोंगराच्या उलट वागणारा भ्रंश" असं पोस्टर केलं आणि भूविज्ञान परिषदेत विद्यार्थ्यांचं पहिलं बक्षीस घेतलं. वर्तमानपत्रात तुझा आणि त्याचा फोटो आला तो मी पाहिला होता. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, विभागातली मुलं पुढे येताहेत. खोटं कशाला बोलू.

त्या वेळी तरी तुला कळलंच असणार. मुलाला वेळीच खोलीत बोलावून "अरे, ते चित्र मी फिरवलंय" म्हटलं असतंस, तर दोघे हसून मोकळे झाला असता. पण बक्षीस तोवर येऊन बसलं होतं आणि तुझा जुना चर नव्याने चर्चेत आला होता.

परवा तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालास, "ताई, इतक्या वर्षांनी माझं जुनं रेखाटनच चुकलं नसेल कशावरून? हे शास्त्र आहे. आठवणींवर चालत नाही."

मी म्हटलं, "आठवण बाजूला ठेव. नळी कुठे आहे ते बघ."

"नळ्या काय, कुठेही असतात."

तू फोन ठेवलास. बाबा ऐकत असते तर त्यांनी तुला ओढ्यात उभं केलं असतं.

मुलीला मी समजावणार नाही. तिचा प्रबंध नळीवरच होईल. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तो द्यायचा आहे. त्यावर तुझा शिक्का नसेल तर ती मार्चमध्ये पदवीधर होत नाही, आणि पदवी नसेल तर सर्वेक्षण कंपनीतली एप्रिलची नोकरी जाते. तिची आई बंदरावर मासळी साफ करते. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तू काय हातात धरून बसला आहेस ते तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

घाईत,
ताई


४ जानेवारी

तोमोनोरी,

प्रस्तावना गाळते आहे. नव्या वर्षाच्या शुभेच्छाही गाळते आहे.

तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी आलं, म्हणून मी ते आईबाबांच्या तसबिरीपुढे ठेवणार होते. चष्मा लावला आणि पाहिलं, तर त्यावर दालनाचा रंगीत फोटो: सोलपट, पितळी पाट्या, फिरवलेलं चित्र आणि मधोमध हात मागे बांधून उभा असलेला तू. खाली सोनेरी अक्षरं, "मातीने मला घडवले."

चिगुसाने ते माझ्या हातातून घेतलं, आरशासमोर धरलं आणि म्हणाली, "बाई, आता बरोबर आहे. फक्त सरांचा भांग चुकीच्या बाजूला गेला."

आता विचारशील, चिगुसा तिथे काय करते. राहते. त्या पहिल्या दिवशी शेवटची बस तिला मिळाली नव्हती. मी तुला पुढचं लिहिलं नाही, एवढंच. तू तिच्या प्रकरणांवर शेरे देणं बंद केल्यावर प्रयोगशाळेतल्या मुलांनी तिच्याशेजारी जेवायला बसणंही बंद केलं. तिने शहरातली खोली सोडली. ती माझ्या माडीवर झोपते, सकाळी शेताच्या कोपऱ्यात खड्डे घेते, दुपारी शेगडीच्या मेजाखाली पाय घालून लिहिते आणि तांदळाचे चिकट मोची-गोळे न मोजता खाते. माझी काही हरकत नाही. घरात खाणारं माणूस असलं की स्वयंपाक करायला हुरूप येतो.

तिच्या खड्ड्यांमुळे एक जुनं प्रकरण वर आलं, ते लिहूनच टाकते. तुझा चर बुजवताना तुझ्या मुलांनी माती उलट क्रमाने टाकली. वरची काळी माती खाली, खालची पिवळी वर. भाताच्या शेताला जो पाणी धरणारा चिखलाचा थर असतो, तो मधोमध फुटला तो फुटलाच. बाबांनी दोन पावसाळे पाणी भरून पाहिलं. सकाळी भरलेलं शेत संध्याकाळी रिकामं. मग त्यांनी सोयाबीन लावलं. ज्या शेताने आपल्याला कॉलेजात पाठवलं, त्यात सोयाबीन. ते तुला कधी काही बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी, आई गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मी बोलले, आणि तू टोपी घेऊन निघून गेलास.

तू वस्तू उलट्या ठेवतोस आणि निघून जातोस. चराचं तेच, चित्राचं तेच.

आणखी एक. नगर कार्यालयातला ओनोदेरा काल नव्या वर्षाचं भेटायला आला. माझा जुना विद्यार्थी, वर्गात बाकाखाली डबा खायचा. त्याने भूकंपाच्या धोक्याचा नवा नकाशा आणला होता, घरोघर वाटण्यासाठी. पूर्वेची अर्धी वस्ती लाल, पश्चिमेची पांढरी. भूकंप झाला तर सगळ्यांनी पश्चिमेच्या शाळेच्या क्रीडागृहात जमावं असं ठरलंय.

"कशावरून काढलास हा?" मी विचारलं.

"विद्यापीठाच्या बक्षीस मिळालेल्या संशोधनावरून, बाई!" तो छाती फुगवून म्हणाला.

चढणारी बाजू जास्त हादरते हे तू पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतोस. चढणारी बाजू पश्चिमेची आहे. गाव तिकडे धावणार आहे, तोमोनोरी. तुझ्या पितळी पाटीपायी.

मी ओनोदेराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही सांगताय ते पटतं. पण कार्यालयाला कागद लागतो. सरांचं पत्र किंवा विभागाने मान्य केलेला प्रबंध."

तेव्हा चिगुसाच्या प्रबंधावर तुझा शिक्का लागतो, तो आता तिच्या एकटीसाठी लागत नाही.

घाईत,
ताई


९ फेब्रुवारी

तोमोनोरी,

प्रस्तावना गाळते आहे. काल मी तुझ्या विभागात येऊन गेले ते तुला ठाऊक आहे. तू बैठकीत होतास असं सांगण्यात आलं. तुझी छत्री तुझ्या खोलीच्या दाराशी होती आणि आतून तुझा खोकला ऐकू येत होता. तो खोकला मी तू तीन वर्षांचा असल्यापासून ओळखते.

तू दार उघडलं नाहीस, तेव्हा बाहेर काय झालं ते तुला कळायला हवं.

बाबांच्या नळीचा शेवटचा तुकडा, ओढ्याकडचा, मी आणि चिगुसाने उकरून काढला. गोठलेली जमीन होती, तिच्या हाताला फोड आले. कापडात बांधून तो मांडीवर घेऊन मी बसने आले. दालनात गेले आणि सोलपट पाहिलं. इतक्या वर्षांनी. माझा ढवळलेला रस कडेला अजून चमकतो. नळीचं गोल तोंड "पश्चिम" पाटीखाली, चिगुसा म्हणाली होती तस्संच. मी माझा तुकडा त्याच्याजवळ धरला. तीच झिलई, तीच जाडी.

एक उंच मुलगा आला. "हे काय आहे?"

"नळी."

"कसली?"

"तुझ्या बक्षिसाची. मिनोशिमा तूच ना? वर्तमानपत्रात होतास."

तो कान लाल करून वाकला. मुलगा वाईट नाही, हे मी कबूल करते. मी विचारलं, "ओकुताबाला कधी आला होतास?"

"प्रत्यक्ष... नाही. संगणकावर सगळं प्रतिमान होतं. जायची गरज पडली नाही."

"डोंगर पाहिलायस?"

"उपग्रहाच्या फोटोत."

"तो बुडतोय असं वाटलं का?"

"वाटलं नाही," तो हळूच म्हणाला. "पण पाटीवर पश्चिम लिहिलं होतं. सरांच्या दालनातल्या पाटीवर. त्यावर शंका कशी घेणार?"

इथे मला तुझा सर्वांत जास्त राग आला, तोमोनोरी. चिगुसाने शंका घेतली तिला तू वाळूकडे पाठवलंस. या मुलाने घेतली नाही, त्याला बक्षीस. शिकवण्याचा धंदा मीही केला आहे. पोरांची शंका मारून त्यांच्या गळ्यात पदक घालायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत.

निघताना नळी मी पाटीखाली जमिनीवर ठेवली. कार्यालयातल्या बाई मागून धावत आल्या. "आजी, आजी! हे विसरलात."

"आजी तुमच्या घरी. आणि विसरले नाही. ही पूर्वेची आहे, तुमच्याकडे पश्चिमेला सापडली असं कळलं, म्हणून पोचवायला आले. कुरेबायाशी सरांना द्या. बैठक संपली की."

शेवटचे शब्द दाराकडे बघून मोठ्याने म्हटले. ऐकलेस ना?

घाईत,
ताई


२७ फेब्रुवारी

तोमोनोरी,

प्रस्तावना गाळते आहे.

सोमवारी रात्रभर बर्फ पडलं. मंगळवारी सकाळी बाहेर आले तर रस्त्यापासून पूर्वेच्या बांधापर्यंत पावलं उमटली होती. डावा पाय किंचित बाहेर टाकणारी. ती ओढ्यापर्यंत गेली होती. नळी काढल्यावर उरलेल्या भोकाभोवती बर्फ हाताने बाजूला केलेलं होतं. तिथून पावलं फाटकापर्यंत आली, थोडी तुडवातुडव झाली आणि परत रस्त्याकडे गेली.

तू आलास. पाहिलंस. आणि दार न वाजवता गेलास. आत मुळा शिजत होता, त्याचा वास तुला आलाच असेल. पण चल, पाहिलंस ना, म्हणून मी ती पावलं दिवसभर झाडून टाकली नाहीत.

काल चिगुसाचा प्रबंध टपालाने परत आला. पहिल्या पानावर तुझा शिक्का. उलटा.

डोक्यावर उभा केलेला! वरिष्ठांनी दाबून सही करायला लावली की कारकून असा शिक्का मारतात: घ्या, मारला, पण मला मान्य नाही. हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, ओनोदेराला ठाऊक आहे. लहानपणी माझ्या वहीवर पालकांचा शिक्का तुला मारायला सांगितला की तू असाच मारायचास आणि हसायचास. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास.

चिगुसा पानाकडे बघत राहिली. "बाई, हा उलटा आहे."

"उलटा असला तरी शिक्का आहे. कार्यालय घेईल. मी फोन करून विचारलं."

"कार्यालय घेईल. मी नाही घेणार."

"वेडेपणा करू नकोस. शुक्रवार परवावर आलाय. नोकरी आहे, आई आहे."

"आईला मी सांगेन."

"काय सांगशील?"

"की मी इतके महिने एकच गोष्ट म्हणत होते, उलटं झालंय ते सरळ करा. आणि त्यावर उलटाच शिक्का घेऊन घरी आले, असं नाही सांगणार, बाई."

मी तिला घे म्हटलं. दोनदा म्हटलं. ज्या बाईने तुला इतकी पत्रं लिहिली, तीच तिला म्हणाली, चालतं, घे, मार्च निघून जाऊ दे. तोंडातून निघाल्यावर मला तुझेच शब्द ऐकू आले. सवडीने, गाजावाजा न करता. म्हणून मी उठून तिला भाताचे गोळे बांधून दिले.

आज पहिल्या बसने ती गेली आहे. हे पत्र द्रुत टपालाने तिच्याआधी पोचणार नाही, तरी लिहिते. तिने प्रबंध तुझ्या मेजावर ठेवला असेल आणि म्हटलं असेल, "सर, सरळ मारा, नाहीतर मारूच नका." तिचा आवाज थोडा चिरका होतो, तो उद्धटपणा नव्हे. ती घाबरलेली असते.

तू भ्रंशावर बसला आहेस, तोमोनोरी, आणि आता कुठल्या बाजूला उभं राहायचं ते तुझं तू ठरव. मी यापुढे लिहिणार नाही.

घाईत,
ताई


१९ मार्च

प्रिय तोमोनोरी,

बर्फ वितळून ओढा दगडांवरून वाहू लागला आहे. बांधाच्या उन्हाकडच्या अंगाला हिरवे कोंब आले आहेत, आणि चिमण्या सोयाबीनच्या वाळक्या काड्या उचलून नेताहेत. तुझी तब्येत ठीक असावी. खोकल्यासाठी मध आणि मुळ्याचा रस घे, आई द्यायची तसा.

त्या शुक्रवारी दुपारी चिगुसाचा स्टेशनवरून फोन आला होता. तिने एकच शब्द उच्चारला. "सरळ!" मग रडायला लागली आणि फोनमधली नाणी संपली. (मोबाइल चार्ज करायला तिला कधी जमत नाही.) पान मी नंतर पाहिलं. उलटा शिक्का तसाच आहे आणि त्याच्या शेजारी दुसरा, सरळ. आरशात पाहिल्यासारखे. कार्यालयाने विचारलं, दोन कशाला? तू म्हणालास म्हणे, "पहिला चुकला. राहू दे, दिसू दे."

निरोपाच्या व्याख्यानाला मी येणार नव्हते. चिगुसाने ओढून आणलं. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले होते, म्हणून तुला दिसले नाही. तू सगळा वेळ हातातल्या कागदाकडे बघत होतास, तेव्हा लोकांनी काय केलं ते तुला दिसलं नाही. ते मी सांगते.

आत आलेले सगळे आधी सोलपटापाशी थांबत होते. पितळी पाट्या निघतात, तर! फळीवर जुन्या जागी फिकट चौकोन राहिलेत. फिरवलेल्या चित्राच्या जागी चार भोकं. खाली जमिनीवर बाबांची नळी, "पूर्व" पाटीच्या बरोबर खाली, आणि तिच्याखाली कोणीतरी स्वच्छ कापड अंथरलं होतं. ती घडी तुझी आहे. चादरी तू लहानपणापासून अशाच, तिरप्या, घालतोस.

तू म्हणालास, "माझ्यामागची चूक कंत्राटदाराची नाही, विद्यार्थ्याचीही नाही. चित्र मी फिरवलं. कळल्यावरही बोललो नाही. ही चूक चिगुसा योकोगावा यांनी शोधली." पूर्ण नाव घेतलंस. पुढच्या रांगेतल्या कुलगुरूंनी पायावरचा पाय खाली घेतला. कार्यालयातल्या त्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. हसत होत्या की काय, सांगता येत नाही. माझ्या शेजारची मुलगी आपल्या बुटांकडे बघत होती.

मग मिनोशिमा उठला. "सर, म्हणजे माझं प्रतिमान..."

"तुझं गणित बरोबर आहे," तू म्हणालास. "शेत चुकलं."

सगळे हसले, तो नाही. त्याने बक्षीस परिषदेला परत पाठवलं आहे; कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी तो इथे आला होता, डोंगर बघायला. दोन तास बघितला. मग चिगुसाने त्याला खड्ड्यात उतरवलं, आणि तो पोटरीपर्यंत चिखलात रुतला तेव्हा ती म्हणाली, "हे उपग्रहातून दिसत नाही, हं." आता तो तिच्या प्रबंधावरून सगळं पुन्हा मांडतोय, आणि तिचं नाव आधी घालणार आहे. मी विचारून घेतलं.

व्याख्यानाच्या शेवटी तू शेताबद्दल बोललास. की माती भरताना क्रम उलटा झाला, आणि ते शेत अजून गळतं. सभेला त्यातलं काही कळलं नसेल. ते ऐकायला मी आले नव्हते. तुला फुलं देत होते तेव्हा मी बाहेर पडले होते, कारण बसची वेळ झाली होती. बसची वेळ झाली नव्हती.

आता कामाचं. चिगुसाची पदवी सोमवारी आहे. तिची आई येणार आहे आणि वाळवलेली मासळी आणणार आहे, दोन घरांना पुरेल एवढी. त्यानंतर ती मुलगी नोकरीला जाईल आणि माडी रिकामी होईल.

पण नकाशा अजून चुकीचाच आहे. लोकांच्या फ्रिजवर चिकटलेला आहे. ओनोदेराला कागद मिळाला, तरी तो म्हणतो, नवा छापायला वर्ष लागेल, क्रीडागृहाचा फलक बदलायला बैठक लागेल. विद्यापीठातून तू निवृत्त झालास. यातून झालेला नाहीस. गुरुवारी सकाळी नगर कार्यालयात दोघे येतील असं मी त्याला कळवलं आहे. मी बोलेन, तू मान डोलाव. तुझ्या मान डोलावण्याला पदवी आहे.

येताना नळी घेऊन ये. तिच्यावाचून वितळलेलं पाणी बांधावरून सांडतंय आणि कोपरा खचायला लागलाय. ती आपल्यालाच बसवायची आहे. झिलईची बाजू आत, रुंद तोंड ओढ्याकडे. चुकणार असशील तर मी शेजारी उभी राहीन.

आणि ओढ्यावरून परत जाऊ नकोस. दार वाजव.

तुझी ताई
कियोए